विलायती टापूवरची बाबाची बकुळ

आमच्या घरात अक्कल एकाच मानसाच्या वाट्याले आली, अन थे बाबानं माह्या जन्माच्या आधीच घेऊन टाकली. मले उरलं तोंड. त्याच तोंडानं मी बाबाचं झाड मारलं. कुऱ्हाड लावली नाई, आरी लावली नाई. एक मजाक केला, बस.

मी माळी. बाबा बी माळी. बाबा भंडाऱ्याकडून भिलाईले आला तवा कारखान्याच्या चिमन्या नव्या होत्या अन साहेबायच्या बंगल्यासमोर गवताची काडी नोती. थे सारे लॉन बाबानं लावले. मले त्यानं शाळेत घातलं होतं, पन मास्तरनं पाह्यलं का पोट्टा माळ्याचा हाये, म्हनून मले वर्गाच्या बाहेरच ठेवलं, वाफ्याले पानी देयाले. चौथीपर्यंत शाळेची शेवंती दरसाल पास झाली, मी नाई झालो.

बाबा जथी काम करे थे नर्सरी भिलाईच्या मोठ्या मैदानाच्या कोपऱ्यात होती. तथी एक बकुळीचं रोप वाकडं निंगालं. इथले लोक मौलश्री म्हन्ते, थेच. सडकेच्या बाजूनं लावाले सरळ रोपं लागत, म्हनून बाबाच्या साहेबानं म्हन्लं, फेकून दे. बाबानं फेकलं नाई, कोपऱ्यातच लावून देल्लं. म्हने, "वाकडं हाये तं काय झालं, सावली तं थंडच देईन." माही माय होती तवरिक त्याचे फुलं पदरात घेऊन येत जाय. मंग माय गेली, नर्सरी बंद झाली, नळ गेला, तार गेली. झाड राह्यलं.

आता बाबाले दिसत नाई म्हनलं तरी चालते. उजेड अन सावली कळते, बाकी सारं हातानं. रोज चार वाजता मी त्याले स्कूटीवर बसवून आमच्या क्याम्प-१ वस्तीतून मैदानात न्यायचो. थो बकुळीले पाठ लावून बसे, घंटाभर. बोले नाई काही. मी बाजूले बसून बडबड करायचो. थो म्हने, "तू जराक चूप राहशीन तं झाडाले बी बरं वाटन."

तं असं चालू होतं.

त्या मैदानात दर हिवाळ्यात उद्योगाचं प्रदर्शन भरते. त्याच्या कमिटीवर एक मोठे साहेब हायेत, आपलेच मराठी, कारखान्यातून रिटायर झालेले, पद्मनाभपूरले राहाते. मानूस चांगला. इतका चांगला का त्याच्यासमोर 'नाई' म्हनाची लाज वाटते. त्यायनं मले बोलावलं अन एक जाडं पुस्तक उघडलं. त्यात काळापांढरा फोटो होता. मोठं तळं, काठानं पांढरे महाल, अन तळ्याच्या मधात झाडीचा टापू.

"माळीबुवा, हे बघा," साहेब म्हन्ले. "सव्वाशे वर्षांहून जुनी गोष्ट आहे. अमेरिकेत जगभराचा मेळा भरला होता. आधी तिथं नुसती दलदल होती. एका माळ्यानं तळं काढलं, टापू केला, झाडं लावली."

"एकट्या माळ्यानं?"

"म्हणजे तुमच्यासारखाच. थोडा शिकलेला."

"मंग थो माह्यासारखा कसा होईन साहेब?"

साहेब हासले. मले साहेब लोकायले हासवता येते, म्हनूनच मले काम भेटते. माह्याहून चांगले माळी भिलाईत पन्नास हायेत.

"त्याले किती दिवस लागले?" मी इचारलं.

"दोन-तीन वर्षं लागली असतील."

"अन आपल्यापाशी?"

"अठरा दिवस."

"होऊन जाईन साहेब," मी म्हन्लं. हे 'होऊन जाईन' माह्या तोंडातून असं निंगते जशी दुसऱ्याच्या तोंडातून ढेकर. पोटाले इचारत नाई.

मी फोटोतल्या महालावर बोट ठेवलं. "हे संगमरवरी हाये का?"

"नाही हो, वरून प्लास्टर. मेळा संपला अन महालही संपले."

"म्हंजे आपल्या मंडपवाल्यासारखंच काम! अन झाडं?"

"तो टापू आजही आहे. लोक फिरायला जातात म्हणे."

हे आयकून मले लय बरं वाटलं. महालवाले गेले अन माळी राह्यला, असं तं मी आयुष्यात कधी आयकलं नोतं. घरी येऊन बायकोले बी सांगतलं. थे म्हन्ली, "थो माळी वेगळा असन. त्याच्या तोंडावर झाकन असन."

काम सुरू झालं. तळं जेसीबीनं खोदलं, खाली प्लास्टिक टाकलं, टँकरनं पानी भरलं. निंगालेल्या मुरमाचा मधात ढीग लावला, झाला टापू. महाल प्लायवूडचे अन कापडाचे. गवताचे गुंडाळे आनून चटईसारखे पसरवले. फुलं कोनत्या रंगाचे पाह्यजे, हे मी साहेबाले इचारलं तं थे बी अडले, फोटो काळापांढरा. मी माह्या अकलेनं सारी शेवंती पांढरीच आनली. साहेब म्हन्ले, "माळीबुवा, मयताला आल्यासारखं वाटतंय." मंग त्याच्यात झेंडू गाडला.

गाडला म्हंजे गमल्यासकट, कुंडीसकट. हे आमच्या धंद्यातलं गुपित हाये. मोठा मानूस येनार असला का फुलझाडं लावाले टाइम नसते, म्हनून गमलेच जमिनीत गाडतो, वरून माती सारखी करतो. पाहनारा म्हन्ते, वा, काय वाफा हाये. त्याच्याहून घाई असली तं नुसत्या फांद्या तोडून रोवतो, नाईतं सुकल्या झाडाले हिरव्या फांद्या बांधतो. हे मले बाबानंच शिकवलं. एकदा मंत्री येनार होते तवा बाबानं सडकेच्या बाजूनं अशोकाच्या फांद्या रोवल्या. मंत्र्यानं एका फांदीले सोताच्या हातानं पानी देल्लं अन फोटो काढला. संध्याकाळी थे फांदी बकरीनं खाल्ली. तवा बाबानं माह्या बोटाले सुतळी बांधून गाठ शिकवली होती. म्हने, "अशी मार का साहेबाले दिसू नये अन वाऱ्यानं सुटू नये." साऱ्या जिंदगीत मी बाबापासून जे नीट शिकलो थे एवढंच, गाठ.

पाचव्या दिवशी साहेब टापूवर उभे राहून पुस्तक पाहून राह्यले होते. संगं कमिटीचे तीन-चार लोक. साहेब म्हन्ले, "सगळं जमतंय, पण हे बघा, काठावर हे एक जुनं झाड आहे, पाण्यावर वाकलेलं. त्यानंच खरी शोभा आली आहे. असं वाकडं झाड कुठून आणायचं?"

तथी मी चूप राह्यलो असतो तं आज हे सांगाची पाळी आली नसती. पन लोक उभे होते, अन लोक उभे असले का माह्या जिभेले खाज सुटते. मी म्हन्लं, "वाकडं कावून शोधता साहेब? माह्या बापानं दोनच वाकडे लावले. एक मी, अन एक थे कोपऱ्यातली बकुळ."

सारे खो खो हासले. एकानं तं माह्या पाठीवर थाप मारली. अन साहेब हासत हासत मान वळवून कोपऱ्याकडं पाहाले लागले.

मले तवाच समजलं. जसं पायरी हाये समजून पाय टाकला अन पायरीच नाई.

मोठं झाड हलवाचा कायदा असते. एका अंगाच्या मुळ्या आज कापाच्या, दुसऱ्या अंगाच्या दोन महिन्यानं, मधात त्याले धीर द्याचा. पावसाळ्यात उचलाचं. अन माती चिकन पाह्यजे, मुळ्यायभवती गोळा धरून राहाले पाह्यजे. आमचं मैदान मुरमाचं. मुरूम गोळा धरत नाई, लाडवात तूप कमी पडल्यावानी भुसभुस पडते. हे मले येते. एवढं तं मले येते.

मी म्हन्लं, "साहेब, थे झाड नोका उपडू. मरन थे."

सारे पुन्हा हासले. कमिटीवाला म्हन्ला, "देखो, अब भाई की तरफदारी कर रहा है!" साहेब म्हन्ले, "माळीबुवा, तुम्हाला नाही उपटणार, घाबरू नका." अन मी काय केलं? मी बी हासलो. चारजन हासले का पाचवा मी असतोच, मंग मयत माह्याच घरचं का असेना.

दुसऱ्या दिवशी धुतला शर्ट घालून पद्मनाभपूरले साहेबाच्या घरी गेलो. रस्त्यानं पाठ केलं होतं: साहेब, थे झाड माह्या बाबाचं हाये, बाबाले दिसत नाई, थो रोज तथी बसते. एवढंच बोलाचं होतं. बाईसाहेबानं चहा देल्ला, चिवडा देल्ला. साहेब म्हन्ले, "बोला." मी तोंड उघडलं तं त्यातून निंगालं, "साहेब, तळ्यात बदकं पाह्यजेत." साहेब खुश. "वा, हे तर सुचलंच नव्हतं!" मी झाड वाचवाले गेलो होतो, अन बारा बदकायची जबाबदारी घेऊन आलो. थ्या बदकायनं पुढं माही अर्धी शेवंती खाल्ली.

क्रेनवाला छत्तीसगढी होता, शांत मानूस. त्यानं झाडाभवती चक्कर मारली, मुरूम हातात घेऊन चुरला अन मले म्हन्ला, "कका, ये रुख नइ बाँचय." हे झाड वाचत नाई. त्यानं दोन मिनिटात पाह्यलं. मले वाटलं, आता हाच नाई म्हनन. पन थो माह्या तोंडाकडं पाहून राह्यला, कावून का माळी मी होतो. साहेब घड्याळ पाहून राह्यले होते.

"उठाव," मी म्हन्लं.

मुळ्या तुटताना आवाज येते. मी चाळीस साल झाडं लावले, थो आवाज कधी आयकला नोता. गोळा अर्धा रस्त्यातच सांडला. मी गोनपाटाच्या बोऱ्याचं ओलं फडकं गुंडाळत क्रेनच्या मांगं मांगं पळत होतो, जसं लगीनघरी सुटलेलं धोतर सावरत कोनी पळते. टापूवर झाड बसवलं, तळ्याकडं वाकवलं. फोटोसारखं दिसलं. साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या. मी बी वाजवल्या.

त्या दिवसापासून मी बाबाले मैदानात नेलं नाई. म्हन्लं, "रस्ता खोदून ठेवला हाये." थो चार वाजता काठी घेऊन तयार बसे, मंग काठी ठेवून दे. अन संध्याकाळी इचारे, "झाडाले पानी देल्लं का?"

"देल्लं बाबा. दोन टायम."

माही बायको चुलीपासून बोलली, "खोटं कावून बोलता?"

"खोटं कोठी बोललो? पानी तं देल्लंच ना."

"मंग खरं कावून नाई बोलत?"

मी बालटी उचलली अन बाहेर निंगालो. थे मांगं लागली नाई. मांगं लागली असती तं बरं झालं असतं.

पानी मी देतच होतो. अर्धा पाला छाटला, कापलं तथी शेन लावलं, बुंध्याले ओला बोरा बांधला. चौथ्या दिवशी पानं मुडपले. आठव्या दिवशी तपकिरी झाले. बकुळ मोठी इमानदार असते, मेली तरी पानं लवकर सोडत नाई. तशीच उभी राहाते.

उद्घाटनाले दोन दिवस होते तवा साहेब आमच्या घरी आले. क्याम्पातल्या गल्लीत त्यायची गाडी शिरेना म्हनून पायी आले. बाबाच्या खाटेजवळ खुर्चीवर बसले अन म्हन्ले, "आजोबा, तुमचा सत्कार करायचा आहे. शाल-श्रीफळ. तुम्ही लावलेल्या बकुळीखालीच. ती आता टापूवर आहे, तळ्याच्या मधोमध."

बाबानं मान वर केली. "हलवली?"

"हो, क्रेननं. अगदी अलगद."

"कोनं हलवली?"

साहेबानं माह्याकडं हात केला, पन बाबाले हात दिसत नाई. मी म्हन्लं, "मी."

बाबा खाटेवर सरळ होऊन बसला. मंग म्हन्ला, "मुरमातून?"

"हो."

"जगली?"

साहेब बसले होते. बायको दारात उभी होती. 'हो'पेक्षा 'नाई' म्हनाले एकच अक्षर जास्त लागते. मी म्हन्लं, "एक नंबर, बाबा."

बाबानं हात पुढं केला, माहं मनगट शोधलं, धरलं. म्हन्ला, "मुरमातली बकुळ मले बी जगवता आली नसती. तू माह्याहून मोठा माळी झाला."

त्यानं अशी गोठ मले जिंदगीत म्हन्ली नोती. साठीले आलो मी. एकदा म्हन्ली, तं अशी.

साहेबाले सोडाले गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. साहेब हळूच म्हन्ले, "झाड जरा ताजं दिसू द्या, बुवा. पाहुणे येतील." त्यायले बी माहीत होतं. अन त्यायनं आजोबाचा सत्कार बी मनापासूनच ठेवला होता. दोन्ही खरं. मले राग कोनावर कराचा हेच समजेना, म्हनून सोतावरच केला, थो जवळ पडते.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळीच नाल्यावर गेलो. तथी एक जांभूळ हाये. जांभळाचं पान बकुळीसारखंच चकचकीत, दुरून कोनाले फरक कळत नाई. सात-आठ फांद्या तोडल्या, स्कूटीवर बांधल्या, टापूवर शिडी लावली अन बाबाच्या मेल्या झाडाले एक एक फांदी बांधली. साऱ्या सुतळ्या सालीच्या आत दाबल्या. खाली उतरून पाह्यलं तं झाड हिरवंगार. एक घडी मलेच वाटलं का जगलं. म्हनलं ना, अक्कल बाबानं घेतली.

चार वाजता बाबाले आनलं. धुतलेलं धोतर, टोपी. लाकडी पुलावरून त्याचा हात धरून टापूवर नेलं. बदकं ओरडत होते. बाबानं इचारलं, "हे काय?" मी म्हन्लं, "माही सभा हाये." थो हासला. त्या दिवशी थो खुश होता, हेच तं.

साहेब माइकवर त्या जुन्या मेळ्याबद्दल बोलत होते. बाबानं बुंध्यावर हात ठेवला, खालून वर, जसं गाईच्या पाठीवर ठेवते. मंग हात फांदीवर गेला. एक पान तोडलं. बोटात चुरलं. नाकाशी नेलं.

जांभळाचं पान चुरलं का जांभळाचाच वास येते. थे मी इसरलो होतो. डोळे नसलेल्या मानसाले हिरवा रंग दाखवाले मी शिडीवर चढलो होतो.

बाबाचा हात पुन्हा वर गेला. फांदी धरून धरून सुतळीवर आला. बोटानं गाठ चाचपली. एकदा, दोनदा. सोडली नाई. तसाच उभा राह्यला, गाठीवर अंगठा ठेवून. मी त्याच्या बाजूले उभा. मले एक मजाक सुचला नाई.

साहेबानं शाल टाकली, माइक त्याच्या तोंडासमोर धरला. "आजोबा, ओळखलं का झाड?"

बाबा म्हन्ला, "माह्या पोराचं काम हाये. मीच शिकवलं त्याले."

मैदान टाळ्यायनं भरलं. साहेबाच्या डोळ्यात पानी आलं. लोकायले वाटलं, काय मोठ्या मनाचा मानूस. तसा थो हायेच.

परत जाताना स्कूटीवर थो मांगं बसला होता, शाल अंगावर, नारळ मांडीवर. पॉवर हाऊसचा चौक गेला. मंग म्हन्ला, "जांभूळ कोनतं तोडलं?"

"नाल्यावरचं."

"लय तोडलं?"

"सात-आठ फांद्या."

"कापलं तथी शेन लाव."

"लावतो बाबा."

मेळा आठ दिवसानं उठला. महाल ट्रकमधी गेले, गवत गुंडाळून गेलं, प्लास्टिक बी काढून नेलं. बदकं कोनी नेले थे इचारू नोका. आता मैदानात एक कोरडा खड्डा हाये, मधात मुरमाचा ढीग, अन ढिगावर बकुळ, आंगावर जांभळाच्या वाळल्या फांद्या बांधलेल्या. गाठ एक बी सुटली नाई.

बाबा आता चार वाजता काठी घेत नाई. पानी देल्लं का, हे बी इचारत नाई. मीच सांगतो. बाहेरून आलो का म्हन्तो, "बाबा, देल्लं पानी."

"जांभळाले?"

"नाई. बकुळीले."

थो भिंतीकडं तोंड करते. "जांभळाले देत जाय," म्हन्ते.

"देईन," मी म्हन्तो. दुसऱ्या दिवशी पान्याचा डबा भरतो, स्कूटीवर पायाजवळ ठेवतो, नाल्याकडं जाचं म्हनून निंगतो, अन मैदानापाशी आलो का उतरतो.